नाझनीनबींनी हाडांचा परवाना काबीज केला, त्याची हकिकत

लातूर शहरी, गंजगोलाईमागील गल्लीत पत्र्याच्या पेट्या ठोकणारा सलीम वल्द मुनीब याने डोळ्यांनी पाहिले आणि घरात ऐकले ते येणेप्रमाणे लिहिले. लढाया पुष्कळांनी लिहिल्या. परंतु ज्या मोहिमेत एका मुलीची अर्धी उमर खर्ची पडली आणि एकही तोफ उडाली नाही ती कोणी लिहीना, सबब आम्ही लिहितो. अलंकार आम्हांस येत नाहीत. पत्रा सरळ कापतो, तैसेच लिहू.

सदरहू सलीमचे कबिला, म्हणजे पत्नी, बेगमबीसाहेब ह्या हाडे बसविण्याच्या कामी त्या मुलखात मशहूर. इल्म बापाकडून आलेला. अंगणात एक पाट, तेच तख्त. रेणापुराहून, औशाहून मोडलेले हातपाय टेम्पोत घालून हुजुरांत दाखल होत. मोबदला घेणे मना. रिवाज एकच की, पट्टी सुटली म्हणजे दुखणेकऱ्याने त्याच हाताने पाण्याचा भरला लोटा उचलावा आणि बेगमबींस पाजावा. सांडले नाही तर हात बरा. सांडले तर पुन्हा पट्टी. ऐसी त्यांची अदालत. आंब्याच्या दिवसांत झाडावरून पडणारे फार, तेव्हा पाणी पिऊन पिऊन बेगमबींस जेवण जात नसे.

मग शके १९१५ भाद्रपदमासी, गणपती बुडवून लोक निजले असता, पहाटे धरणी हालली आणि किल्लारीकडील गावे जमीनदोस्त जाहली. ते वर्णन आमच्याने होत नाही, म्हणून करीत नाही. बेगमबी पट्ट्यांचे गाठोडे घेऊन ट्रकात बसून गेल्या. तेथे तंबूत एक बाई मांडी मोडून पडली होती. बेगमबींनी हाड बसविले आणि बरी होईल ऐसे सांगितले. तेथील डॉक्टराने तिचे पोट दाबून पाहिले, आणि आत रक्त वाहते आहे ऐसे म्हणून तिला तात्काळ गाडीत घालून शहरी रवाना केले. बाई वाचली. बेगमबी घरी परतल्या. काही दिवसांनी फर्मान सुटले: ‘माझा हात हाडापाशी थांबतो. पोरीचा पुढं जाया पाहिजे. हाडाचा सरकारी परवाना आणल्याबिगर तिनं माझ्या पाटावर बसायचं न्हाई.’ पोर म्हणजे नाझनीनबी. उमर तेव्हा आठ.

सलीमने चौकशी केली तो मार्गात किल्ल्यांची ओळच निघाली. आधी बारावी, मग प्रवेशपरीक्षा, मग डॉक्टरीची वर्षे आणि त्यांच्या शेवटी रुग्णालयात वर्षभर राबणूक, मग कौन्सिलाच्या दफ्तरी नाव, आणि एवढे करून हाड अजून दूरच, कारण हाडांची दोन वर्षे निराळी, त्यांची परीक्षा निराळी आणि दफ्तरी नोंदही निराळी. सलीमने अर्ज केला की ह्याहून दिल्ली जवळ. उत्तर आले, ‘तुमी पेट्या ठोका.’

आणि दिवसही पेट्या ठोकण्याचेच आले. भूकंपाने हादरलेले लातूर शिकवणीने उठले. गल्लोगल्ली क्लासचे फलक निशाणांसारखे चढले, आणि इस्लापूर, नायगाव, कुठकुठल्या मुलखाची पोरे फौजेसारखी उतरली, आणि प्रत्येक शिपायास खोलीवर एक पेटी लागे. त्याच पेट्यांवर बसून नाझनीनबी पाठ करीत. हातोडा थांबला की हुकूम होई, ‘अब्बा, ठोका की. न्हाईतर झोप येती.’ बारावी सर जाहली. प्रवेशपरीक्षेपुढे पहिल्या वर्षी माघार, दुसऱ्या वर्षी फत्ते. मग डॉक्टरीसाठी नांदेडावर कूच केले. पेटी घरचीच होती.

सुट्टीत मायलेकी अंगणात बसून दोन इल्मांचा तह करीत. बेगमबी लेकीच्या गळ्याखालच्या हाडावर बोट ठेवून पुसत.

‘ह्याला काय म्हणत्यात तुमच्यात?’

‘क्लॅव्हिकल.’

‘आमच्यात हासळी. आमची हासळी मोडली की तुमची क्लॅव्हिकल मोडती का न्हाई?’

‘मोडती, अम्मी.’

‘मग बास.’

ऐसी वर्षे गेली, डॉक्टरी हाती आली, आणि हाडांची परीक्षा येऊन ठेपली. पुढ्यात नायगावचे अण्णाराव, मनगट मोडून जुळलेले. बाहेरगावचे परीक्षकसाहेब पुसते जाहले की, हात कामास आला हे कैसे तपासाल? ग्रंथातले उत्तर तोंडपाठ होते, सांधा किती वळतो त्याचे अंश मोजण्याची पट्टीही मेजावर होती. परंतु अण्णारावांनी हात पुढे केला आणि घरचा रिवाज उसळून आला. नाझनीनबींनी शेजारचा तांब्या भरून त्या हातात दिला. अण्णारावांनी तो उचलून धरिला आणि म्हणाले, ‘घ्या बाई, प्या. लई तहानल्यावानी दिसून राहिल्या.’ नाझनीनबी प्याल्या.

परीक्षकांनी चष्मा काढिला. ‘तुम्ही पेशंटच्या हातचं पाणी प्यालात?’

‘हो, सर. सांडलं नाही, सर.’

फौज तेथेच गारद जाहली. सहा महिन्यांनी पुन्हा यावे ऐसा निकाल.

हे वर्तमान आले तेव्हा बेगमबी छातीच्या दुखण्याने खाटेवर होत्या. त्या हसल्या, हसता हसता खोकल्या, आणि म्हणाल्या, ‘सांडलं न्हाई ना? मग पास हाय. साहेबाला कळाया सहा महिने लागत्याल.’

त्या सहा महिन्यांतच बेगमबी गेल्या. पाट भिंतीशी उभा केला. लोटा पालथा घातला. इतकेच लिहितो.

लोटा नजरेसमोर नको म्हणून सलीम तो माळ्यावर ठेवावयास पेटीवर पेटी रचून चढला. वरची पेटी त्याच्याच हातची. तिचा पत्रा दबला, सलीम खाली आला आणि उजवे मनगट मोडले. शेजारीण कस्तुराबाई धावत येऊन म्हणाल्या, ‘अगं नाझनीन, बघत काय बसलीस? बसव की हाड!’ नाझनीनबींनी हात पाठीमागे नेले. ‘अम्मीचं फर्मान हाय, मावशी.’ आणि डोळे पुशीत बापास रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेले, तेथे परक्याने प्लास्टर घातले.

मग नाझनीनबी पुन्हा नांदेडावर चालून गेल्या. ह्या खेपेस पट्टीने अंश मोजून सांगितले. घसा कोरडा पडला तरी पाणी मागितले नाही. किल्ला पडला. दफ्तरी नोंद जाहली आणि परवाना घरी आला, तो प्लास्टर सुटण्याच्या दिवसांतच.

नाझनीनबींनी पाट खाली घेतला, पुसला, आणि त्यावर बसल्या. आधी एक्स-रे पाहिला, मग प्लास्टर कापिले, मग बोटे, मग अंश, सारे ग्रंथाप्रमाणे. नंतर उठून स्वतः माळ्यावरून लोटा काढिला, भरला आणि बापापुढे ठेविला. सलीमने उचलिला. हात वाळून काटकी जाहला होता. लोटा मुलीच्या ओठांपाशी गेला, आणि पाणी पाटावर सांडले.

‘सांडलं,’ नाझनीनबी म्हणाल्या. ‘पुन्हा पट्टी.’

‘बांध,’ सलीम म्हणाला.

त्यांनी आईच्या गाठोड्यातली पट्टी काढिली आणि आईच्याच वेढ्यांनी बांधिली. बांधता बांधता हळूच पुसले, ‘अब्बा, अम्मीपुढं हे सांडणं चाललं असतं?’

‘न्हाई.’

येणेप्रमाणे परवाना, पाट आणि लोटा एके ठिकाणी आले, आणि परवान्यानिशी बांधलेली पहिली पट्टी सलीम वल्द मुनीब यास मिळाली. मोहीम फत्ते जाहली. पाणी सांडले तेव्हा हात आपण होऊन हालला की हालविला, हा मजकूर ह्या दफ्तरी लिहिला नाही.