आबांकडे कोणी लक्ष देऊ नका!

मला एखादी गोष्ट अर्धी सांगितली की पूर्ण कळते! संग्रामपुरात माझं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गिऱ्हाईक "भाऊ, ते गोल..." एवढं बोलेपर्यंत माझ्या हातात बेअरिंग आलेलं असतं. असा माणूस मी!

माझा मुलगा प्रेम सात वर्षांचा. त्याला ऑटिझम आहे. बोलतो फार थोडं, पण किंचाळी अशी खणखणीत, की शेजारच्या झुंबरबाईंच्या कोंबड्या अंड्यांवरून उठून पळतात. बिस्कीट हवं, किंचाळी! टीव्ही बंद केला, किंचाळी! आणि किंचाळी ऐकली की माझे वडील, म्हणजे आबा, अख्खा बिस्कीटपुडा घेऊन धावत सुटायचे.

म्हणून मी आणि बायको प्रेरणा, अशा मुलांच्या आईबापांसाठी असलेल्या प्रशिक्षणाला गेलो. शिकवायला गुलनाज मॅडम होत्या.

"लेकरू ओरडून मागतं आणि तुम्ही लगेच देता," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे ओरडायला तुम्हीच शिकवता! मागण्यासाठी ओरडलं तर लक्ष द्यायचं नाही. शांतपणे मागितलं, चित्र दाखवलं, की तात्काळ द्यायचं आणि शाबासकीही द्यायची. सुरुवातीला ओरडणं वाढेल. घाबरू नका, असं होतंच. आता दुसरा भाग..."

तेवढ्यात दुकानातून फोन आला. मी बाहेर गेलो, बोललो, चहा प्यायलो. परत येतो तर वर्ग सुटलेला!

"पुढचंच महत्त्वाचं होतं हो," प्रेरणा म्हणाली.

"मुद्दा समजला मले!"

आणि खरं सांगतो, उपाय लागू पडला! प्रेरणानं पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर एकेक चित्र चिकटवलं. बिस्कीट, पाणी, झोका, आणि प्रेमच्या लाडक्या आबांचा फोटोसुद्धा. थोड्याच दिवसांत प्रेम बिस्किटाचं चित्र आणून माझ्या हातात द्यायला लागला. मला तर रस्त्यात नाचावंसं वाटलं!

पण आबा कुठले ऐकतात! "लेकरू रडून राह्यलं अन् तुम्ही भिंतीकडे पाह्यता? दगड हायेस काय बे तू?" असं ओरडायचे. कारण आबांचं स्वतःचं सगळं काम ओरडूनच चालतं. चहा! चष्मा! टॉवेल! आम्ही आपले धावतोय.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लेकराला जे लागू पडतं, ते आबांना का नाही?

त्या रविवारी गुलनाज मॅडम घरभेटीला येणार होत्या. आपलं घर पाहून त्यांनी सगळ्या पालकांसमोर "बाप असावा तर असा!" म्हणावं, एवढीच माझी साधी इच्छा. प्रेरणा त्यांना आणायला बसस्टँडवर गेली आणि आबा अंगणातल्या न्हाणीत आंघोळीला गेले.

"टॉवेल!" आतून हाक आली.

मी भिंतीकडे पाहिलं.

"टॉवेल आन बे शाल्या!"

मी भिंतीवरची पाल न्याहाळली. तीच दचकून पळाली.

"अबे, पानी सरलं, दार उघड!"

बघा! रोज टॉवेल मागतात, आज दारही मीच उघडायचं! लाडाला काही सीमा? आता न्हाणीच्या दाराचा पत्रा धडाधड वाजू लागला. मी मनातून खूश झालो. वाढलं! मॅडम म्हणाल्या होत्या तस्सं वाढलं!

झुंबरबाई कुंपणापाशी आल्या. "शालिग्राम, आबा ओरडून राह्यले ना!"

"ऐकू येते काकू. लक्ष देऊ नका."

"काऊन?"

"ट्रेनिंग चालू हाय."

"कोनाचं?"

"आबाचं!"

झुंबरबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या गल्लीत पळाल्या. काय सांगितलं देव जाणे, पण बघता बघता अर्धी गल्ली आमच्या अंगणात! कोणी म्हणे आबांच्या अंगात आलं, कोणी म्हणे न्हाणीत साप निघाला.

"सगळे पाठ फिरवा!" मी ओरडलो. "कोणी तिकडे पाहिलं तर बिघडून जातील ते!"

जमलेली गल्ली न्हाणीकडे पाठ करून आभाळाकडे बघत उभी राहिली. मागे आबा पत्रा बडवतायत! तेवढ्यात प्रेमनं माझा सदरा ओढला. हातात पुठ्ठा होता.

"आत्ता नाही बेटा. आबांचा अभ्यास चालू हाय."

त्यानं पुठ्ठा माझ्या नाकासमोर धरला. मी तो न बघता खिशात कोंबला.

आणि अचानक न्हाणीतला आवाज बंद झाला. चिडीचूप!

"शांत झाले! वाजवा टाळ्या!"

गल्लीनं असा कडकडाट केला की झुंबरबाईंच्या कोंबड्या पुन्हा उठल्या. "शाब्बास आबा! लय छान आबा!" मी पत्र्याखालच्या फटीतून एक बिस्कीट आत सरकवलं.

नेमक्या त्याच क्षणी प्रेरणा मॅडमना घेऊन फाटकातून आत आली.

"हे... काय चाललंय?" मॅडमनी विचारलं.

मी छाती पुढे काढून सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा असा झाला, जणू चहात कोणी मीठ टाकलंय. एवढ्यात प्रेमनं माझ्या खिशातला पुठ्ठा ओढून काढला आणि मॅडमच्या हातात दिला. आबांचा फोटो!

"अरे वा, प्रेम! आबा पाहिजेत? कुठे आहेत आबा?"

प्रेमनं त्यांचा हात धरून न्हाणीपाशी नेलं आणि दारावर बोट ठेवलं. बाहेरून कडी!

"अगं बाई!" प्रेरणा ओरडली. "प्रेमले लोंबती कडी दिसली की लावतोच हा!"

मॅडमनी कडी काढली. आबा बाहेर आले. कमरेला ओला पंचा, अंगावर साबण वाळून पांढराफटक, नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीसारखे. हातात अर्धं खाल्लेलं बिस्कीट.

"दुसऱ्या भागात तेच सांगितलं होतं," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आधी बघायचं, का ओरडतंय? दुखतंय का? कुठे अडकलंय का? आणि जो नीट सांगतो, त्याचं लगेच ऐकायचं. प्रेम तुम्हाला किती नीट सांगत होता, शालिग्रामभाऊ!"

माझी मान खाली गेली. पोरगं जे शिकावं म्हणून आम्ही जिवाचा आटापिटा केला, ते त्यानं केलं, आणि मी ते खिशात कोंबलं! मी खाली बसून म्हणालो, "शाब्बास प्रेम." पण त्याचं लक्ष पुन्हा कडीकडे होतं. आबा चपळाईनं चार पावलं लांब सरकले.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले. पण आबा ओरडले नाहीत. घसाच बसला होता!

"मॅडम," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हा अर्धं शिकून आला तं मी अर्धा मेलो. पुरं शिकला असता तं माही तेरवीच होती! आता मीच येतो तुमच्या वर्गात."

आणि खरंच जायला लागले! मी त्यांना मोटारसायकलवर सोडतो आणि बाहेर बसतो. परवा वर्ग सुटल्यावर ते मॅडमना हळूच विचारत होते,

"मोठ्या पोरायले पन लागू पडते काय हे? आमचं बेचाळीस वर्साचं हाय."

मॅडमनी खिडकीतून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"लहानपणीच आणायला हवं होतं, आबा," त्या म्हणाल्या. "पण आणत जा. प्रयत्न करू."

त्यामुळे दर शनिवारी आता दुकान बंद असतं. गिऱ्हाइकांनी नोंद घ्यावी!