थोडं गोड टाक

जानकी गेली हे जयवंत परबाला खरं कळलं ते तेराव्यानंतरच्या सकाळी. शेजाऱ्यांचे डबे यायचे थांबले होते. चुलीत काय घालायचं हे त्याला ठाऊक होतं. चुलीवर काय ठेवायचं हे जानकीला ठाऊक होतं.

तरी त्याने मुलीच्या सासूला, शेवंतीबाईंना, सांगून टाकलं, "माणिकचं बाळंतपण माहेरीच होणार."

"करणार कोण? तिची आई नाही आता."

"मी आहे ना."

"तुम्ही विक्रोळीच्या कारखान्यात नट पिळता. ओल्या बाळंतिणीला काय नट वाढणार?"

"शिकतो."

"शिका, आणि मला जेवायला घाला. घास घशाखाली उतरला तर सून पाठवते. नाही तर ती माझ्याकडेच राहील."

घाटकोपरच्या एका शाळेत संध्याकाळी सकस आहाराचा वर्ग भरायचा. शाळकरी पोरींपासून पेन्शनरांपर्यंत सगळ्यांना प्रवेश होता. जयवंतने नाव घातलं. शिकवणाऱ्या मृणालिनीबाई भाजी धुतल्यावर चिरायला लावायच्या, पेजेचं पाणी टाकू द्यायच्या नाहीत आणि गुळाचे गुण रोज सांगायच्या. चमचा तोंडात घालून चव बघायला सक्त मनाई होती.

महिन्याभरात जयवंतला भात जमला, पिठी जमली. वर्गाच्या शेवटच्या दिवशी पाहुणे बोलवायची मुभा होती. त्याने शेवंतीबाईंना बोलावलं आणि कुळथाची पिठी करायला घेतली. जोडीला नलिनी होती, जळगावची, नुकतीच टायपिस्ट म्हणून लागलेली.

दिवे लागले होते. दिवेलागणीनंतर मिठाचं नाव घ्यायचं नाही, त्याला 'गोड' म्हणायचं, ही जानकीची रीत जयवंतच्याही तोंडात बसली होती. गुठळ्या होऊ नयेत म्हणून तो एका हाताने पीठ सोडत होता, दुसऱ्याने ढवळत होता. मान वर न करता म्हणाला, "नलिनी, थोडं गोड टाक गं."

नलिनीने गूळ टाकला.

पिठी घट्ट झाली. जयवंतने पाणी ओतलं. "आता अजून गोड टाक."

"अजून, काका?"

"पाणी वाढलं ना? मग गोड नको वाढायला?"

नलिनीला ते पटलं. तिने मोठा खडा टाकला.

शेवंतीबाई पाटावर बसल्या. पहिला घास घेतला आणि थांबल्या.

"ह्यां काय ओ, व्याही?"

"कुळथाची पिठी."

"जरा गोड वाढा बघू."

नलिनीने तत्परतेने त्यांच्या पानात गुळाचा खडा ठेवला. शेवंतीबाईंनी खड्याकडे बघितलं, मग जयवंतकडे. जयवंतने बोट बुडवून चाटलं आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"नलिनी, पिठीत कुणी गूळ घालतं का?" मृणालिनीबाई कडाडल्या.

"काका म्हणाले गोड टाक. आणि बाई, गुळात लोह असतं ना?"

"तिला बोलू नका," जयवंत म्हणाला. "मी सांगितलं तेच तिने केलं. चुकलं माझं."

त्याने पान घेतलं, भातावर पिठी ओतली आणि जेवायला बसला.

"कशी लागते?" शेवंतीबाईंनी विचारलं.

"बरी आहे."

"खोटं बोलताय."

"हो."

शेवंतीबाईंनी गुळाचा खडा पानाच्या कडेला सारला आणि पुढचा घास घेतला. तोंड वाकडं करून तो गिळला. "आमच्याकडे आमटी बिघडली की आमचे हे ताट भिरकावतात, आणि बोलणी खायची मी. तुम्ही निदान बसून खाताय तरी. पाठवते सुनेला. पण मीपण येणार."

"तुम्ही कशाला?"

"मीठ टाकायला," त्या म्हणाल्या. भर दिव्यांच्या उजेडात, मोठ्याने.

माणिकला आता आठवा लागला आहे. वर्ग दिवाळीपर्यंत बंद आहे. डिंकाचे लाडू जयवंत अजून शिकलेला नाही.