किल्लीच्या भोकातलं सॉसेज

"तिला पुरायला मी येत नाही," असं दाराआडून सांगून लिओनहार्ट त्साप्फ यांनी आतून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि काळ्या सुटासकट पलंगावर बसून राहिले. त्यांच्या बायकोचं, कुनिगुंडेचं, दफन अकराला होतं. न्यूर्नबर्गची दफनभूमी कुणासाठी खोळंबत नाही. अकराचं मयत रेंगाळलं, की साडेअकराच्या मयताचे नातेवाईक घड्याळं बघू लागतात.

"बाबा, निदान खाऊन तरी घ्या," मुलगा लोरेन्त्स दाराला तोंड लावून म्हणाला. "परवापासून पोटात काही नाही तुमच्या."

"भूक नाही."

"मग दार तरी उघडा."

"ते तर मुळीच नाही."

लिओनहार्टनी उभी हयात गडाच्या पायथ्याशी सॉसेजची खानावळ चालवली. मरवा घातलेली, लाकडाच्या निखाऱ्यावर भाजलेली, बोटाएवढी सॉसेजं. सोबत आंबवलेला कोबी आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकटात एक गोष्ट. आपलं सॉसेज एवढं बारीक का? तर जुन्या काळी वेशी बंद झाल्यावर खानावळवाले उपाशी वाटसरूला ते किल्लीच्या भोकातून सरकवायचे. गल्ल्यावर बसलेली कुनिगुंडे मान वर न करता म्हणायची, "काही सरकवत नव्हते. मांस महागलं आणि कंजुषांनी लांबी कमी केली. घरी दार आहे, भोक आहे. घालून दाखवा." त्यांनी कधी घालून दाखवलं नाही. बाकी सगळ्या भांडणांत शेवटी तिचंच खरं निघायचं आणि मग ती म्हणायची, "मी म्हणत नव्हते?" हे वाक्य त्यांना घासातल्या खड्यासारखं लागायचं. ही एक गोष्ट तेवढी त्यांनी हरू दिली नव्हती.

ताट घेऊन उभ्या असलेल्या सुनेनं, इर्मीनं, वाकून पाहिलं. "भोक रिकामं दिसतंय. ह्यातून एक सरकवू या का? बाबांचीच गोष्ट. हसतील तरी."

"वेडी झालीस का तू?" लोरेन्त्स म्हणाला, आणि ताटातलं सॉसेज उचलून भोकात घालू लागला. घरात मयत झालं, की माणसाचं डोकं असंच चालतं.

टोक गेलं. पुढचं जाईना. त्यानं अंगठ्यानं रेटलं, तसं वरचं आतड्याचं आवरण फाटलं आणि मांस कुलपाच्या पोटात जाऊन बसलं.

"काय चाललंय रे तिकडे?"

"जेवण देतोय, बाबा."

पलंग करकरला. "जातंय?" आवाज एकदम जवळून आला.

"अडकलं. इकडं अर्धं उरलंय."

"इकडं तर टोकही नाही." खिशातली किल्ली वाजली. "हो बाजूला. मला यायचंय. तिला सांगायला पाहिजे."

पण आता किल्ली आत शिरेना. इर्मीनं सासूची विणायची सुई आणून टोचलं, तर मांस आणखीच घट्ट बसलं. लोरेन्त्सनं दाराला खांदा लावला.

"दार मोडलंस तर बघ," आतून आवाज आला. "तिनं रंगवलंय ते."

राहिली खिडकी, तीही माडीवरची. गल्लीत शिडी एकट्या एकहार्टकाकांकडे, ती शेडमध्ये, शेडला कुलूप, आणि काका कुनिगुंडेला खांदा द्यायला गेलेले. लोरेन्त्स धावत सुटला. दफनभूमीत पोचला, तेव्हा शवपेटी दोरांवरून खड्ड्यात उतरत होती.

"काका, शेडची किल्ली."

"आत्ता?"

"बाबा अडकलेत."

"कशात?"

"सॉसेजमध्ये."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, पण दोर सोडता येत नव्हता. "उजव्या खिशात. घाल हात."

अशा रीतीनं आई खाली जात असताना मुलगा परक्या माणसाची विजार चाचपत होता. पाद्री प्रार्थनेतली ओळ विसरला. लोरेन्त्सला रडू आलं, आणि तेवढ्यात किल्लीही सापडली.

लिओनहार्ट शिडीवरून उतरले ते एकाच पायात बूट घालून. खाली पोचल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "उरलेला तुकडा कुठाय?" इर्मीनं तो रुमालात बांधून ठेवला होता.

ते पोचले तेव्हा पाद्री पुढच्या मयताकडे गेला होता आणि मंडळी कॉफीला. फावडेवाला तेवढा माती लोटत होता. त्याला हातानं थांबवून लिओनहार्ट कडेशी गेले. सगळे मूठभर माती टाकतात. त्यांनी तो चेंगरलेला तुकडा टाकला.

"नाही गेलं गं," ते म्हणाले. "तुझंच खरं."

मग टोपी काढून, मान जराशी खाली घालून ते उभे राहिले. आता ते वाक्य येणार, म्हणून माणूस उभा राहतो तसे. लोरेन्त्सनं हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

"थांब जरा," ते म्हणाले. "तिला बोलू दे."