टेकडीवरचे बारा पेरू

फळ कुठल्या मातीतलं, हे ओळखण्यात माझा हात धरणारा कोणी नाही! म्हणजे माझा आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राचा. झाड जे पाणी पितं, ज्या मातीत वाढतं, त्याची खूण फळाच्या रसात उतरते. यंत्रात थेंबभर रस घातला की फळाची सगळी कुंडली बाहेर! आमच्यापुढे कोणाची डाळ शिजत नाही.

तर एक बागवान आला. टेकडीवर त्याची बाग. त्याला पेट्यांवर ‘टेकडीचा पेरू’ असा सरकारी शिक्का हवा होता. शिक्का नसेल तर व्यापारी माल उचलणार नव्हता आणि वर्षभराचं पीक झाडाखालीच सडणार होतं. नियम साधा. बारा पेरू मी स्वतः त्याच्या झाडांवरून तोडायचे, बारा त्याच्या बाजारातल्या पेट्यांतून घ्यायचे, दोन्ही जुळले की शिक्का.

शनिवारी मी झाडांवर चढून बारा तोडले. परत येईतो प्रयोगशाळा बंद. मग पिशवी घरच्या फ्रिजमध्ये ठेवली आणि वर चिठ्ठी बांधली, ‘सरकारी नमुना. हात लावू नये.’ सोमवारी उघडून बघतो तर पेरू कसे तुकतुकीत! मला वाटलं, थंडाव्याने रंग खुलला असेल. एवढा मी तज्ज्ञ!

दोन्ही नमुने जुळेनात. मी वीस पानी अहवाल लिहून काढला.

“बाहेरचा माल विकता!” मी बागवानाला ठणकावलं.

“बाहेरचा? अहो साहेब, एकेक फळ पोटच्या पोरासारखं वाढवलंय!”

“यंत्र खोटं बोलत नाही.”

“मग काय माझी झाडं खोटं बोलतात?” त्याने टेबलावर अशी मूठ आपटली की बाटल्या नाचल्या. मग मटकन खुर्चीत बसला. “व्यापारी परवा येतोय. माझं कसं व्हायचं, साहेब?”

मला वाईट वाटलं. पण विज्ञानापुढे माझाही नाइलाज होता.

रात्री जेवताना हा पराक्रम मी तिखटमीठ लावून सांगत होतो. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

“जावईबापू, ते फ्रिजमधले पेरू का?”

“हो. का बरं?”

“अगबाई! किती डागी होते हो ते! म्हटलं, चारचौघांत तुमची शोभा नको. त्यांची जेली केली आणि कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडून बारा छानसे आणून ठेवले.”

“अहो आई, वर चिठ्ठी होती ना!”

“होती की! परत जशीच्या तशी बांधली.”

बायको हसून हसून ताटात पडायची बाकी होती. आणि मी? मी त्याच क्षणी ब्रेडला तीच जेली लावून चापत होतो!

सकाळी प्रयोगशाळेत आमच्या मोठ्या साहेबांपुढे कबुली दिली. त्यांनी मला अर्धा तास सोलून काढलं, मग स्वतः झाडावर चढले. नमुने तंतोतंत जुळले आणि व्यापारी दारात यायच्या आत शिक्का बसला. मी बागवानासमोर कान धरून माफी मागितली, खरं काय झालं तेही सांगितलं. माणूस दिलदार, हसला. पण निघताना थबकला.

“डागी? माझा पेरू?”

रविवारी टोपली घेऊन घरीच हजर! मला ओलांडून थेट सासूबाईंपुढे. “दाखवा, कुठाय डाग!”

सासूबाईंनी चष्मा लावला. एकेक पेरू फिरवला, हुंगला, अंगठ्याने दाबला आणि चार बाजूला काढले. “हे न्या परत.”

आमच्या वीस पानी अहवालावर टेबल हादरवणाऱ्या त्या माणसाने चारही पेरू खांद्यावरच्या पिशवीत टाकले आणि म्हटलं, “बरोबर आहे, आई!”