केसोबाचा थकवा

एका जंगलात, मला वाटतं, एक अस्वल राहत होतं. की ते रानडुक्कर होतं? मुलांनो, माझ्या आठवणीवर आता फारसं विसंबू नका. पण अस्वलच असावं. आपण अस्वल धरून चालू.

त्याचं नाव केसोबा. त्याच्या लेकीचं, जांभळीचं, लग्न ठरलं होतं. अस्वलांत एक रीत होती. लग्नाच्या दिवशी वधूपित्याने कड्यावरचं मधाचं पोळं स्वतः उतरवून व्याह्यांपुढे ठेवायचं. पोळं नाही, तर लग्न नाही.

केसोबाचं पोट सुटलं होतं. म्हणून त्याने व्यायाम सुरू केला. जोर, बैठका आणि शेवटी फांदीला उलटं लोंबकळणं. पहिल्याच दिवशी तो जरा दमला. दमणारच. पण त्याला वाटलं, कुणाला तरी विचारलेलं बरं.

तो बगळ्याकडे गेला. बगळा तळ्यात उभा राहून वैद्यकी करत असे.

"वैद्यबुवा, व्यायाम केला की फार गळून जायला होतं."

"पाहिल्याशिवाय मी बोलत नाही. करून दाखव."

केसोबाने सगळा व्यायाम करून दाखवला.

"पाणी कमी पडतंय," बगळा म्हणाला.

आता केसोबा जास्तच दमला. घाबरून तो अजगराकडे गेला. अजगर म्हणाला, "करून दाखव." बैठका चालू असताना अजगराला डुलकी लागली. जागा झाल्यावर तो म्हणाला, "शेवटचं पाहायचं राहिलं. पुन्हा पहिल्यापासून घे."

केसोबाने पुन्हा केलं.

"झोप पुरत नाही तुला," अजगर म्हणाला.

मग हत्ती. हत्ती म्हणाला, "खात नाहीस तू. पण ते लोंबकळणं परत एकदा दाखव. मघाशी आमची मंडळी अंघोळीला गेली होती."

मुलांनो, तिघांचंही बरोबर होतं. पाणी, झोप आणि खाणं कमी पडलं की माणूस थकतो. अस्वलही थकत असावं. पण केसोबाला या तिन्हींसाठी वेळच कुठे होता? तो रोज तिघांकडे जाऊन "अजून बरं वाटत नाही" म्हणून सांगायचा. ते रोज करून दाखवायला लावायचे.

"बाबा, व्यायाम घरी एकदाच करा ना," जांभळी म्हणाली.

"आणि दुखणं अंगावर काढू? लग्न तोंडावर आलंय, बाळ!"

लग्नाचा दिवस उजाडला. वऱ्हाड आलं. केसोबा भेलकांडत सामोरा गेला. नवऱ्या मुलाचे वडील ढोलोबा, म्हणजे चालतं-बोलतं वारूळच, त्याला न्याहाळत म्हणाले, "व्याहीबुवा, व्यायाम चुकतोय तुमचा. करून दाखवा बघू."

केसोबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात जांभळी पुढे झाली. "मामंजी, बाबांचं चुकतंय ते सगळ्यांनी पाहिलंय. बरोबर कसं करतात, ते तुम्हीच दाखवा ना."

ढोलोबा फुलले. त्यांनी शेला कमरेला बांधला. तिसऱ्या बैठकीला ते खाली गेले, ते वर आलेच नाहीत.

झालं! लग्नाला आलेले बगळा, अजगर आणि हत्ती धावले.

"पाणी!"

"झोप!"

"फणस आणा, फणस!"

सगळं वऱ्हाड ढोलोबांभोवती जमलं. केसोबाकडे पाहायला कुणी उरलं नाही. तो पोटभर पाणी प्यायला. वऱ्हाडासाठी ठेवलेली केळी त्याने खाल्ली. मग सावलीत आडवा झाला आणि घोरू लागला. उठला, अंग झाडलं, सरसर कड्यावर चढला आणि पोळं घेऊन खाली आला.

ढोलोबा अजून धापा टाकत होते. "मी पाहिलं नाही. पुन्हा चढून दाखवा."

"दाखवतील की," जांभळी म्हणाली. "आधी बरोबर कसं चढायचं, ते तुम्ही दाखवा."

ढोलोबांनी कड्याकडे पाहिलं. मग पोळ्याकडे पाहिलं.

"अक्षता कुठे आहेत?" ते म्हणाले. "मुहूर्त टळतोय!"

तात्पर्य: व्यायामाने फार थकवा येत असेल, तर नुसतं घरी पडून राहू नये. आधी खाऊन, पिऊन, झोपून अंगात चांगली ताकद आणावी आणि मगच सल्ला विचारायला निघावं.

आणि हो, बऱ्याच वर्षांनी मी दोन जाडजूड ग्रंथांत खात्री करून घेतली. रानडुकराला फांदीला उलटं लोंबकळता येत नाही. म्हणजे ते अस्वलच होतं.