नणंदेचा वेटसूट

शर्यतीच्या दिवशी सकाळी नूला गिलमार्टिन अंगाला चिकटलेल्या रबरी वेटसूटमध्ये समुद्रातून बाहेर आली आणि नवऱ्याकडे पाठ करून म्हणाली, "फर्गल, सूटची चेन ओढ लवकर. उशीर झालाय."

फर्गलने चेन ओढली. चेन हलली नाही.

"जरा जोर लाव की."

"जोर कसा लावायचा ते मला शिकवू नकोस. बावीस वर्षं लोकांचे दात उपटतोय मी."

ते खरंच होतं. आमच्या किलक्रॅना गावात फर्गलचा हात न गेलेला जबडा शोधून सापडायचा नाही. त्याने एक पाय व्हॅनच्या बंपरला टेकवला, चेनची दोरी मनगटाला गुंडाळली आणि अक्कलदाढ काढावी तसा हिसका दिला. दोरी त्याच्या हातात आली. दोरीबरोबर चेनची जीभही आली. चेन मात्र नूलाच्या मानेखाली होती तिथेच राहिली.

"आली का?" नूलाने विचारलं.

"काहीतरी आलं," फर्गल म्हणाला.

शर्यतीच्या सकाळी ही बाई समुद्रात कशाला कडमडायला गेली होती, असं तुम्ही विचाराल. आमच्या गावात कोणी विचारणार नाही. आठवडाभर पश्चिमेच्या वाऱ्याने समुद्राचं नुसतं ताक करून ठेवलं होतं, आणि नेमका त्या पहाटे वारा फिरला. जमिनीकडून वारा आला की आमच्या खाडीच्या तोंडाशी लाटा कशा ताठ, स्वच्छ, एकामागून एक येतात ते बघायला आणि फळी घेऊन त्यांच्यावर सरकायला लोक लांबून गाड्या काढून येतात. त्यात जानेवारी. हात बधिर, ओठ निळे, आणि तरी पाण्यातून बाहेर यायचं नाव नाही, अशी माणसं आमच्याकडेच जन्माला येतात आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. "दोनच लाटा," नूला फर्गलला म्हणाली होती. ती नेहमी दोनच म्हणते.

पण या वेळी तिने अट्राक्टाला शब्द दिला होता. अट्राक्टा म्हणजे आमच्या क्लबची प्रशिक्षक. सत्तरी ओलांडलेली, गळ्यात शिट्टी, काखेत चहाचा थर्मास. तीस हिवाळे तिने आमच्या बायकांना चिखलातून पळवलं आणि तीस हिवाळे जिल्ह्याचा क्रॉस-कंट्रीचा चषक शेजारच्या ड्रमशील गावाने नेला. पुढच्या वर्षी ती शिट्टी खाली ठेवणार होती. म्हणजे हीच शेवटची संधी. संघात चौघी पळायला लागतात. चौघींच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि ज्यांची बेरीज कमी ते जिंकतात. आमच्याकडे बरोबर चारच होत्या, कारण पाचवी तापाने अंथरुणात होती. "या आठवड्यात समुद्राकडे बघायचं सुद्धा नाही," असं अट्राक्टाने नूलाला बजावलं होतं, आणि नूला "नाही बघणार" म्हणाली होती.

"कापून टाकू का?" फर्गलने विचारलं.

नूला गर्रकन वळली. "कापशील? इमेल्डाचा सूट कापशील?"

इथे खरी मेख होती. नूलाचा स्वतःचा सूट गुडघ्यावर फाटला होता म्हणून तिने नणंदेचा आणला होता. नणंद इमेल्डा, फर्गलची धाकटी बहीण, लग्न करून गेली ती ड्रमशीलला, आणि पळते ती ड्रमशीलच्या संघातून. सूटही तिथल्याच सर्फ क्लबचा. डाव्या पायावर मांडीपासून घोट्यापर्यंत पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत 'ड्रमशील' असं लिहिलेलं. ख्रिसमसच्या जेवणानंतर तो हातात देताना इमेल्डा म्हणाली होती, "ने, पण त्याच्या चेनची एक गंमत आहे, ती नीट ऐक." त्यावर नूला म्हणाली, "वीस वर्षं वेटसूट घालतेय मी. तू मला चेन शिकवणार?" इमेल्डा हसली आणि गप्प बसली.

"हा कापला तर पुढचे सगळे ख्रिसमस ती मला जेवताना ऐकवेल," नूला म्हणाली. "आणि अडकला म्हणून कळलं तरी ऐकवेल. तिला काही म्हणजे काही कळता कामा नये."

दोघं घरी गेली. फर्गलने दवाखान्यातली पक्कड आणली, तीही घसरली. साबण लावला, फेस झाला. शेवटी फ्रीजमध्ये ख्रिसमसच्या बदकाची चरबी उरली होती, ती त्याने चेनवर थापली. चेन जागची हलली नाही, पण नूलाला भाजलेल्या बदकाचा वास येऊ लागला. घड्याळ पुढे चाललं होतं. तिने वेटसूटवरच क्लबचं हिरवं-पांढरं बनियन चढवलं, त्यावर घोट्यापर्यंत येणारा जाड कोट घातला, आणि दोघं मैदानाकडे निघाली.

मैदान म्हणजे गावाबाहेरचं एका शेतकऱ्याचं कुरण. गाई सकाळीच हलवलेल्या, त्यांच्या खुणा जागोजागी तशाच. परवाच्या पावसाने मधल्या खोलगट भागात गुडघाभर पाण्याचं तळं साचलेलं आणि शर्यतीची वाट बरोबर त्यातून गेलेली. नूला व्हॅनमधून उतरली तसा शेतकऱ्याचा कुत्रा लांबून नाक वर करून आला आणि तिच्या कोटामागे भक्तासारखा बसला.

अट्राक्टाने आधी कुत्र्याकडे बघितलं, मग नूलाकडे. "कोट काढ. अंग गरम कर."

"गरमच आहे."

"नूला, कोट काढ."

नूलाने गळ्याजवळचं एक बटण काढलं. अट्राक्टाने आत डोकावून पाहिलं. तिचा चेहरा काही बदलला नाही, फक्त शिट्टी हातातून सुटून छातीवर आपटली.

"समुद्रात गेली होतीस."

"दोनच लाटा, अट्राक्टा. खरंच."

"चांगल्या होत्या?"

नूलाच्याने खोटं बोलवेना. "काय सांगू तुम्हाला. अशा पाच वर्षांत बघितल्या नव्हत्या."

"येशू, मेरी आणि जोसेफ," अट्राक्टा म्हणाली आणि क्षणभर डोळे मिटून उभी राहिली. "तीस वर्षं वाट बघितली मी या दिवसाची. चार पोरी मिळाल्या एकदाच्या. त्यातली एक बदकाचा वास मारत रबरात अडकून आली." मग तिने नाक पुसलं. "ठीक आहे. रबरात तर रबरात. पण तू पळणार आहेस. आणि पाणी पिऊ नकोस. आता तुला कुठे जाता येणार नाही."

तेवढ्यात कोटाच्या फटीतून तिला डाव्या पायावरचं पहिलं अक्षर दिसलं.

"हे काय लिहिलंय?"

अट्राक्टाने कोट बाजूला केला, वाचलं, आणि या वयात, त्या गुडघ्यांनिशी, ती चिखलात बसली. ओंजळी भरभरून चिखल घेतला आणि भिंत लिंपावी तसा नूलाच्या डाव्या पायावर थापला. "माझ्या संघातली मुलगी ड्रमशीलचं नाव घेऊन पळणार नाही," ती पुटपुटत होती. "मी मेल्यावर काय ते करा."

पलीकडे, दगड फेकला तर लागेल एवढ्या अंतरावर, इमेल्डा पाय ताणत उभी होती. तिने हात हलवला. नूलाने कोट गळ्यापर्यंत आवळून हात हलवला. शिट्टी व्हायच्या क्षणी तिने कोट टाकला आणि गर्दीत शिरली.

सुरुवात वाईट झाली. त्या जाड रबरात गुडघे वर येईनात. पहिल्या फेरीला ती मागून तिसरी होती, तोंड बीटासारखं लाल, आणि बाजूने तो कुत्रा मजेत धावत होता. कुंपणाशी उभे असलेले ड्रमशीलवाले हसून हसून एकमेकांच्या खांद्यावर पडत होते. "काय रे, किलक्रॅनाने सील माशाला उतरवलंय का?" एकाने विचारलं. ते आम्हाला अजून डाचतं.

आणि मग आकाश काळं झालं आणि गारा आल्या. आडव्या, तोंडावर, समुद्रावरून थेट. उघड्या हातापायांच्या बायका आखडल्या. तळ्याशी पोचल्या तशा कडेकडेने, एकमेकींचा हात धरून, चवड्यांवर चालायला लागल्या. पाणी बर्फासारखं होतं. नूला तिथे आली, तिने ते पाणी बघितलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिला बरं वाटलं. ती सरळ मधून घुसली. मध्यावर पाय घसरला, पोटावर आपटली, सकाळी लाटेवर सरकली होती तशी सरकली आणि पलीकडे वाफाळत उभी राहिली. तीन बाया तिथेच मागे पडल्या. पुढच्या फेरीला पाच. कुत्रा पोहत आला.

शेवटच्या फेरीला अट्राक्टा वळणावर उभी होती, डोक्यावर गारा, थर्मास मशालीसारखा वर धरलेला. आमच्या तिघी शेवटच्या रेषेवर पोचल्या होत्या, ड्रमशीलच्याही तिघी पोचल्या होत्या. "इमेल्डाच्या पुढे ये," ती ओरडली. "बाकी काही नको मला. फक्त तिच्या पुढे ये."

इमेल्डा दहा पावलं पुढे होती. तळ्यात नूलाने तिला गाठलं आणि मागे टाकलं. आणि पाण्यातून ती बाहेर आली तेव्हा अट्राक्टाने एवढ्या मायेने लिंपलेला चिखल पार धुऊन निघाला होता. इमेल्डाच्या डोळ्यांसमोर, पुढे पळणाऱ्या नूलाच्या डाव्या पायावर, एकेक अक्षर लखलखत होतं.

"नूला," इमेल्डा धापा टाकत म्हणाली, "तो माझा सूट आहे."

"मग पकड," नूला म्हणाली.

दोघींनी जीव काढला. इमेल्डा जवळ आली, अगदी खांद्याशी आली, पण तिला हसू यायला लागलं, आणि हसू आलं की बरगडीत कळ येते हे पळणाऱ्या कुणालाही विचारा. या तिघांत कुत्रा पहिला, नूला दुसरी, इमेल्डा तिसरी. कुत्रा कुठल्याच क्लबचा नव्हता. बेरजेत एका अंकाने चषक किलक्रॅनाला आला.

ड्रमशीलचा व्यवस्थापक लगेच पंचांकडे धावला. "हा काय पळायचा पोशाख झाला? बाद करा तिला."

पंच मॅलकी हा मोजकं बोलणारा माणूस. "क्लबचं बनियन अंगात आहे?"

"आहे, पण..."

"सगळ्यात वर आहे?"

"वर आहे, पण खाली..."

"बनियनच्या खाली कोणी काय घालावं हे मी कुठल्याच बाईला विचारणार नाही," मॅलकी म्हणाला.

व्यवस्थापक आणखी बोलणार होता, तर इमेल्डानेच त्याची बाही ओढली. "जाऊ द्या हो. जिंकल्या त्या. फोटो तरी काढू दे त्यांना."

अट्राक्टाला भरून आलं. "इमेल्डा, मन मोठं आहे गं तुझं," ती म्हणाली, आणि इमेल्डाने नम्रपणे मान खाली घातली.

जिल्ह्याच्या वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने चौघींना उभं केलं. मधे अट्राक्टा, हातात चषक. तिचे डोळे भरले होते आणि ती ते लपवत नव्हती. फोटो झाला. एक झाला, दोन झाले. "आणखी एक घ्या," इमेल्डा मागून म्हणाली, "पाय येऊ देत सगळ्यांचे." तिसरा झाला. मग ती पुढे आली.

"वहिनीबाई, वळा जरा."

तिने नूलाचं बनियन मागून वर केलं, अंगठ्याने मानेखालची शिवण दाबली, चेन आधी किंचित वर ढकलली आणि सर्रकन खाली ओढली. सूट केळीच्या सालीसारखा सुटला.

फर्गल बघतच राहिला. नूला सूट सावरत वळली. "तू... तू सकाळपासून इथेच होतीस."

"होते की. विचारलं कोणी? तू तर कोट आवळून उभी होतीस."

"निदान फोटोच्या आधी तरी सोडवायचीस."

"फोटोच्या आधी?" इमेल्डा म्हणाली. "वेडी का काय मी?"

शुक्रवारी वर्तमानपत्र आलं. पहिल्या पानावर आमचा पहिलावहिला जिल्हा चषक, आणि त्यात सगळ्यात आधी वाचता येत होता तो एकच शब्द: ड्रमशील. त्यांच्याकडे म्हणे त्याच्या प्रती दुकानादुकानात लागल्या. अट्राक्टाने फोटो चौकटीत घालून क्लबच्या खोलीत फळीवर ठेवला आणि त्याच्यापुढे, नूलाचा डावा पाय बरोबर झाकला जाईल असा, चषक. इमेल्डा माहेरी आली की क्लबमध्ये चहाला यायची. ती आली की चषक दोन बोटं सरकवायची. ती गेली की अट्राक्टा तो परत जागेवर ठेवायची. फेब्रुवारीभर हेच चाललं होतं.

मग एका रविवारी इमेल्डाने चषकाला हात लावायच्या आधीच अट्राक्टा उठली. तिने स्वतः चषक उचलून बाजूला ठेवला आणि चष्मा घातला.

"परवा नीट बघितला मी हा फोटो," ती म्हणाली. "उगाच झाकत होते. तूही बघ, ये. हे वर बनियनवर काय लिहिलंय?"

"किलक्रॅना."

"छातीवर?"

"छातीवर."

"आणि ड्रमशील कुठे आहे गं?"

इमेल्डाचं बोट फोटोवरून खाली खाली सरकत गेलं.

"पायाशी," अट्राक्टा म्हणाली. "तिथेच शोभतंय. चहात साखर किती घालू तुझ्या?"