तांबड्या चांदणीचा पाडाव

श्री. मजकूर घडला तैसा, तिखटमीठ बेताचे घालून, लिहिला असे. सालाचा निश्चय करावा, तर दफ्तराच्या भिंतीवरील कॅलेंडराचे पान तीन महिने कोणी उलटले नव्हते, सबब वाचणारांनी तिथी-तारखेचा वाद घालू नये. मोहीम सहा दिवस चालली, आणि गनीम अत्यंत मातबर होता, आणि त्याचा आकार मोहरीच्या दाण्याएवढा होता, इतके ध्यानी धरून पुढे वाचावे.

नगरपालिकेच्या कारभारात हुद्दे बहुत. त्यांत 'व्यवसाय प्रणाली विश्लेषक' म्हणोन एक हुद्दा आहे, ज्याचा अर्थ नेमणुकीच्या कागदावर सही करणारासही ठाऊक नव्हता. काम म्हणाल तर ऐसे की, लोकांस काय पाहिजे ते लोकांच्या बोलीत ऐकावे, आणि यंत्रास उमजेल ऐशा रीतीने लिहून यंत्रकारांकडे रवाना करावे, आणि मग यंत्रकारांनी भलतेच काही बनवून धाडिले म्हणजे दोहींकडील शिव्या आपल्या पदरात घ्याव्या. या हुद्द्यावर ज्या बाई विराजमान होत्या त्यांस दफ्तरात 'कॉम्प्युटर मॅडम' ऐसा किताब होता, आणि प्रिंटरात कागद अडकला की सर्व खात्यांतून त्यांसच पाचारण होई. खासा मातोश्री शेजारणींस सांगत की आमची मुलगी नगरपालिकेत टायपिंगला आहे. बाईंनी नऊ वर्षे समजावून शेवटी हात टेकले होते. बखरीत आम्ही त्यांस विश्लेषकबाई म्हणो.

तो एके सोमवारी, कचेरी उघडून चहाची पहिली फेरीही जाहली नव्हती, तेव्हा इस्त्रीवाल्या मावशी हाती कागद घेऊन बाईंच्या टेबलापुढे दाखल जाहल्या. मावशी ही सामान्य असामी नव्हे. बावीस वर्षे नवऱ्याच्या घरी काढून, मग एके सकाळी एक पत्र्याची पेटी आणि एक इस्त्री घेऊन त्यांनी ते घर सोडिले, आणि दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन आपली दौलत उभी केली, आणि आता शेजारच्या इस्पितळाच्या चादरी धुण्याचे काम त्यांस मिळत होते. शर्त एकच की घरात नळ पाहिजे. पुढल्या सोमवारी इस्पितळाच्या मोठ्या सिस्टर जातीने येऊन नळ पाहणार, आणि नळ नसल्यास काम दुसरीकडे जाणार. तोवर मावशी खालच्या चौकातून बादल्या वाहत होत्या, आणि त्यांचा उजवा खांदा बोलू लागला होता.

कागदावर यंत्राचे फर्मान होते ते येणेप्रमाणे: अर्जदाराचे कुटुंबप्रमुख श्री. निरंक यांचे नावे चारशे अकरा नळजोड अगोदरच असल्याने सदर अर्ज नामंजूर.

मावशींनी कागद टेबलावर ठेविला आणि शांतपणे म्हणाल्या, "हे निरंकराव कोण ते मला माहीत नाही. पण चारशे अकरा नळ आहेत तर त्यातला एक द्या म्हणावं."

येथे वाचणारांचे समाधान केले पाहिजे. सरकारी कागदात जेथे सांगण्याजोगे काही नसते तेथे जागा कोरी सोडणे हे कारकुनाच्या धर्मात बसत नाही, म्हणोन तेथे 'निरंक' लिहितात, म्हणजे काही नाही. तक्रारी निरंक, शिल्लक कामे निरंक, आणि मग साहेबही संतुष्ट आणि कागदही भरलेला. आता नळाच्या अर्जात एक रकाना होता, 'पिता अथवा पती यांचे नाव', आणि त्याच्या शेजारी एक तांबडी चांदणी होती. ही चांदणी जेथे तैनात असे तेथून काही लिहिल्याखेरीज यंत्र कोणासही पुढे सोडीत नसे, मग तो प्रत्यक्ष नगराध्यक्ष का असेना. खिडकी क्रमांक चारचे कारकून, ज्यांस सर्व लोक खिडकीभाऊ म्हणत, त्यांनी मावशींस नाव विचारिले, आणि मावशी म्हणाल्या की कोणाचे लावू नका, आणि खिडकीभाऊंनी तीस वर्षांच्या शिरस्त्याने निरंक लिहिले. यंत्र हुशार. त्याने ते नाव समजून पुढे 'श्री.' लाविले. पूर्वीच्या वह्यांतील चारशे अकरा निरंक एके दुपारी यंत्रात ओतले गेले होतेच, त्या सर्वांचा यंत्राने एकच इसम केला. आणि एका कुटुंबप्रमुखास दोनांहून अधिक नळ नाहीत ऐसा नवा कायदा होता. येणेकरून जो जन्मास आला नाही तो गृहस्थ शहरातील सर्वांत मोठा नळधारक जाहला.

विश्लेषकबाई तो कागद घेऊन पाणीखात्याच्या प्रमुखांकडे, म्हणजे पाणीसाहेबांकडे गेल्या. साहेबांची स्वारी खुर्चीत होती, खुर्ची पंख्याखाली होती, आणि पंखा साहेबांच्या आज्ञेत होता. बाईंनी अर्ज केला की चांदणी काढावी, रकाना ऐच्छिक करावा. साहेबांनी चष्मा कपाळावर चढविला आणि फर्माविले की यंत्रास हात लावण्याची काही गरज नाही, बाईला नवरा नको तर बापाचे नाव लिहा, दोन मिनिटांत नळ मंजूर. हा उपाय इतका सोपा होता की बाईंचेही मन क्षणभर तिकडे गेले. हे लपविण्यात अर्थ नाही. सहा दिवसांची मुदत, आणि दोन मिनिटांचे काम.

मग बाईंनी मावशींस एकीकडे बाकावर बसवून ते सुचविले. मावशी काही वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळीत राहिल्या.

"बाप होता ना," त्या म्हणाल्या. "रडत त्याच्या दारात गेले होते. आत न घेता रिक्षात घालून परत पोचवून आला. दोघांपैकी एकानंही मला कधी पाणी विचारलं नाही, आणि आता माझा नळ त्यांच्या नावानं? राहू द्या मॅडम. खालून आणीन."

आणि त्या उठल्या. बाईंनी त्यांस थांबविले, आणि शुक्रवारपावेतो तजवीज करिते ऐसा शब्द दिला. ज्या दफ्तरात पेन्सिलीस टोक करण्यास आठवडा लागतो तेथे असा शब्द देणे म्हणजे शुद्ध वेडेपणा, परंतु दिला खरा.

मंगळवारी बाई शोधावर निघाल्या की ही चांदणी येथे प्रथम लाविली कोणी, म्हणजे त्याचे नाव घेऊन बोटे मोडता येतील. जुने दप्तर उपसिले, आणि तीन वर्षांमागील एक कागद हाती आला. त्यात कलम सतरा: 'हा रकाना अनिवार्य ठेवावा काय?' आणि उत्तर: 'होय.' चर्चेच्या जागी लिहिले होते, चर्चा निरंक. आणि खाली सही. ती सही स्वतः विश्लेषकबाईंची होती. त्या बैठकीत चहा आला होता, आणि कोणी विचारिले असता सर्वांनी बशीकडे पाहून माना हलविल्या होत्या, आणि बाईंनी त्या माना मोजून 'होय' लिहिले होते, आणि त्या एका शब्दावर हा बुरूज उभा राहिला होता. आम्ही पुष्कळ मोहिमा ऐकिल्या, परंतु सरदाराने आपणच बांधिलेल्या किल्ल्यास आपणच वेढा घातला ही गोष्ट प्रथमच ऐकतो. बाईंस शरम वाटली. जेवणाचा डबा उघडला तैसाच मिटविला, आणि सायंकाळी वाट वाकडी करून त्या मावशींकडे गेल्या. मावशी शर्टाची कॉलर दाबीत होत्या.

"ती चांदणी मीच लावली होती," बाई म्हणाल्या.

मावशींनी इस्त्री उभी केली. "मग काढा."

बुधवारी ठेकेदाराच्या यंत्रकाराशी फोनावरून वाटाघाट जाहली. त्याने कळविले की कामास दहा आठवडे लागतील, आणि ते चांदणी पुसण्यास नव्हेत, तर बदल समितीच्या मंजुरीस. बदल समिती म्हणजे सात खात्यांचे सात अधिकारी, जे तिमाहीस एकवार जमत, आणि जमले म्हणजे पुढील बैठकीची तारीख ठरवून उठत. तेव्हा सर्वांस वाटले की मोहीम बुडाली. खिडकीभाऊंनी तर बाईंस सांत्वनादाखल अर्धा वडा देऊ केला. परंतु बाईंनी समितीची नियमावली मागविली, जी समितीतील कोणी आजतागायत वाचिली नव्हती, आणि ती डोळ्यांत तेल घालून वाचिता कलम नऊ सापडले: तातडीचा बदल सदस्यांमध्ये फिरवून, कोणाची हरकत न आल्यास, बैठकीवाचून मंजूर समजावा.

मग बाईंनी जी हिकमत केली ती युद्धशास्त्रात नमूद व्हावी ऐशी आहे. प्रस्ताव फिरविण्याचे कागद यंत्रात बाईंस स्वतः रचिता येत, त्यास समितीची मंजुरी लागत नसे; तेथे त्यांनी एक प्रस्ताव रचिला. त्यात चांदणी का काढावी, कोणाचे काय अडले आहे, आणि ही चूक मूळची आपलीच, हे सर्व स्वच्छ लिहिले, काडीचे लपविले नाही. त्याखाली एकच रकाना ठेविला, 'या बदलास आपली हरकत', आणि त्यास तांबडी चांदणी लाविली. आणि हा प्रस्ताव त्यांनी नेऊन ठेविला तो नेमका रजेच्या अर्जाच्या तोंडाशी, म्हणजे तो भरल्याखेरीज कोणा अधिकाऱ्यास रजा मागता येऊ नये. पुढल्या आठवड्यात जोडून सुट्ट्या होत्या. वाचणार सुज्ञ आहेत.

गुरुवारी सकाळी अकरापासून फौजा हलल्या. बांधकाम खाते आले, चांदणीपाशी अडले, आणि कोरी जागा पाहून हात आपोआप चालला: निरंक. आरोग्य खाते आले: निरंक. उद्यान, दिवाबत्ती, करवसुली, अग्निशमन, एकापाठोपाठ एक आले, आणि प्रस्ताव कोणी वाचिला असेल तर त्याची खूण मागे राहिली नाही. शुक्रवारी तीन वाजेतो सहा निरंक जमा जाहले. सातवे पाणीसाहेब. त्यांस रजा पाहिजे होती आणि हरकतही होती, आणि बाई आपल्या टेबलाशी बसून घड्याळाकडे न पाहण्याचा यत्न करीत होत्या, कारण साहेबांनी दोन ओळी खरडल्या असत्या तर मावशींचा नळ तिमाहीवर गेला असता. चार वाजून चाळीस मिनिटांनी यंत्रात सातवे उत्तर उतरले. निरंक.

पावणेपाचास साहेब स्वतः बाईंच्या टेबलापाशी आले, जे यापूर्वी कधी घडले नव्हते.

"अहो, मला हरकत होती," ते म्हणाले. "ते मी सवयीनं लिहिलं."

"माझंही तसंच झालं होतं, साहेब," बाई म्हणाल्या, आणि कलम सतराचा कागद, खालच्या सहीसह, त्यांच्यापुढे सरकविला.

साहेबांनी तो कागद आरंभापासून शेवटपर्यंत वाचिला. मग प्रस्तावही वाचिला, या वेळी खरोखर. पाच वाजेतो त्यांस हरकत बदलण्याची मुभा होती, आणि ते बाईंनीच त्यांस सांगितले, कारण बाई लढवय्या असल्या तरी लबाड नव्हत्या. साहेब उभेच राहिले. शेवटी त्यांनी एवढेच विचारिले की इस्पितळवाले कधी येणार, आणि सोमवार ऐकून, मंजुरीपत्र निघताच नळकारागिरास धाडितो म्हणोन ते निघून गेले. साहेबांविषयी वर जे काही वाकडे लिहिले त्यातून ही पाच मिनिटे वजा घालावी.

यंत्रकारास मंजुरी कळविताच दहा आठवड्यांचे काम चार मिनिटांत जाहले. शनिवारी कचेरीस सुट्टी असता खिडकीभाऊ आपखुशीने आले, आणि खिडकी उघडून मावशींचा अर्ज नव्याने भरू लागले, आणि त्या रकान्यापाशी आले तेव्हा त्यांची बोटे थबकली. तीस वर्षांत त्यांनी जागा कोरी सोडिली नव्हती. बाई मागे उभ्या होत्या. खिडकीभाऊंनी घाम पुसला आणि तसेच पुढे गेले, आणि यंत्राने त्यांस जाऊ दिले. मंजुरीपत्र बाहेर आले. मावशींनी ते हातात घेऊन आपले नाव बोटाने वाचिले.

"मधे काही नाही ना?"

"काही नाही," खिडकीभाऊ म्हणाले.

मावशींनी पत्राची चार घड्यांची घडी केली, कडा इस्त्रीच्या हाताने दाबिल्या, आणि डोळे पुसण्याचे काम त्यांनी जिन्यात उरकिले. रविवारी नळ बसला. सोमवारी सिस्टर आल्या, नळ सोडून पाहिला, बंद करून पाहिला, आणि दुपारी बहात्तर चादरींचे गाठोडे दारात येऊन पडले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, तिची नोंद ऐसी: पाडाव केली ती तांबडी चांदणी एक, आपल्या पक्षी जायबंदी मावशींचा खांदा एक, तो आता बरा आहे. राहिला निरंकरावांचा मुलूख. तो ज्याचा त्यास परत करावा म्हणोन बाई आणि खिडकीभाऊ जुने चारशे अकरा अर्ज काढून तीन आठवडे बसले. बाईंची समजूत ऐसी की हा सर्व कारकुनी आळस असेल, आणि तेवढ्यावर थोडी थट्टा करावी म्हणोन त्यांनी खिडकीभाऊंकडे पाहिले, तर त्यांनी मान खाली घातली होती. शहाण्णव अर्ज खरोखर आळसाचे निघाले. उरलेले तीनशे पंधरा बायकांचे होते. खिडकीभाऊंस त्यांतल्या पुष्कळ जणी आठवत होत्या, कोणी भांडून सांगितले होते, कोणी मागच्या रांगेस ऐकू जाऊ नये इतक्या हळू, की भाऊ, कोणाचं लावू नका.